मूळ तुटू न देता

(खानापूर तालुका. आषाढातला पाऊस, भाताच्या तरव्यात वाकलेल्या बायका.)

तरवा कसा काढतात बघा. मूठ बुडाशी धरायची, अंगाकडं ओढायची, मूळ तुटू द्यायचं नाही. डावीकडच्या मावशींची लेक गावच्याच मराठी शाळेत शिकली. आज ती प्रयोगशाळेत उंदराच्या अंडपेशी वाढवते.

"उंदीर कुठं अंडी घालतंय गं?" आईनं विचारलं होतं.

"घालत नाही आई, पोटातच असतात. आपल्यासारखीच."

(ज्योत. काचेची नळी.)

काच मऊ झाली की दोन्ही हातांनी झटकन ओढायची. टोक केसासारखं बारीक होतं. ही नळी ती स्वतःच करते, दुसऱ्याच्या हातची चालत नाही.

समोर १२ दिवसांच्या पिल्लाचा अंडाशय, जेमतेम मोहरीएवढा. एन्झाइमनं त्याची वीण सैल केली की पेशींचे पुंजके सुटे होतात. प्रत्येकाच्या पोटात एक अंडपेशी. तिला एकटी काढायची नाही. भोवतीच्या पेशी बारीक तंतूंतून तिला पोसतात. तंतू तुटले की वाढ खुंटली. म्हणून हा हात इतका सावकाश चाललाय.

(बशी, उबवणीच्या पेटीचं दार.)

३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. १० दिवस. मधूनमधून निम्मं द्रव काढून ताजं घालायचं, सणवार असो नाहीतर गावाकडं लग्न असो.

अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन एपिग आणि मर्लिन ओब्रायन यांनी १९९६ साली नवजात पिल्लाच्या अंडाशयापासून सुरुवात करून, प्रयोगशाळेत वाढवलेल्या अंडपेशीतून उंदीर जन्माला आणला. तो एकच मोठा झाला, आणि आजारी राहिला. २००३ मध्ये सुधारलेल्या पद्धतीनं ५९ पिल्लं झाली. कर्करोगाच्या उपचाराआधी मुलींचा अंडाशय गोठवून ठेवतात, त्यांच्यासाठी ही विद्या पुढं कामी यावी; माणसात अजून बरंच काम बाकी आहे.

(सूक्ष्मदर्शकातलं दृश्य.)

मधलं गोल केंद्रक दिसतंय? दोन-तीन तासांत ते विरघळतं. रात्र सरता सरता कडेला एक बारका गोळा बाहेर पडतो. अंडपेशी पिकली.

(खानापूर. ओसरी, आईच्या हातात मोबाईल.)

हेच दृश्य लेकीनं घरी पाठवलंय. आईनं दोनदा बघितलं, मग फोनवर विचारलं,

"तंतू सगळे नीट राहिले न्हवं?"