2050 ची रेसिंग कार आणि उद्यमबागेतले मामा

(उद्यमबाग, बेळगाव. सकाळची वेळ. पॅटर्न शॉपचं शटर अर्धं वर, आत रंधा चाललाय.)

हे आमचे मामा. चाळीसेक वर्षं ह्याच शेडमध्ये लाकडाचे पॅटर्न करतायत. पॅटर्न म्हणजे काय, तर फौंड्रीत वाळूत दाबून साचा पाडतात ना, तो लाकडी नमुना. पंपाची बॉडी असो नाहीतर गिअरबॉक्सचं कव्हर, आधी मामांच्या टेबलावर लाकडात होतं आणि मग शेजारच्या फौंड्रीत बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात उतरतं. आणि हा त्यांचा नातू, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये आहे, आणि काल रात्री जागून ह्यानं एआयकडनं एक चित्र काढून घेतलंय. 2050 सालची फॉर्म्युला वन कार.

चित्र भारी आहे, खोटं कशाला बोला. चाकं झाकलेली, वर काचेचा घुमट, खालनं निळा उजेड, कुठं फट नाही की भोक नाही, ओल्या जांभळासारखी गुळगुळीत. मामांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, चित्र बोटानं मोठं करून बघितलं आणि विचारलं, "हवा कुठनं आत जाती आणि कुठनं भायेर येती?"

नातू गप्प.

"बरं, टायर बदलायला हात कुठनं घालायचा?"

"आज्जा, ते फ्युचरचं आहे ओ."

"फ्युचरमध्ये टायर झिजत नाही व्हय?"

झालं. मी त्याच दिवशी ठरवलं की ह्याच्यावर व्हिडिओ करायचा, कारण उद्याची रेसिंग कार कशी दिसेल हे सांगायला जगातले मोठमोठे लोक बसलेत आणि बहुतेक वेळा तोंडावर आपटलेत.

(जुने कृष्णधवल फोटो.)

1950 ला फॉर्म्युला वनची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली, पहिली रेस सिल्व्हरस्टोनला, 13 मे. तेव्हाच्या गाड्या बघा, इंजिन पुढं, ड्रायव्हर मागं, आकार एखाद्या सिगारसारखा. त्या वेळी कुणाला उद्याची गाडी काढायला सांगितली असती तर त्यानं हाच सिगार अजून लांब काढला असता. आणि मग कूपर नावाच्या इंग्लंडमधल्या छोट्या कंपनीनं इंजिन उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागं ठेवलं. फेरारी कंपनीचा मालक एन्झो फेरारी म्हणे म्हणायचा की जनावर गाडी ओढतं, ढकलत नाही. आमच्या चिकोडी-निपाणीकडं शर्यतीच्या छकड्याला एका बाजूला घोडा आणि एका बाजूला बैल जुंपणारे लोक आहेत, त्यांना पण हे पटलं असतं. पण 1959 आणि 1960 ला जॅक ब्रॅबम हा ड्रायव्हर कूपरमधनं चॅम्पियन झाला आणि 1961 ला फेरारीनं स्वतःच इंजिन मागं टाकून चॅम्पियनशिप मारली.

मग पंख आले. 1968 ला गाड्यांवर काठ्यांवर उभे केलेले उंच पंख दिसायला लागले, विमानाचे पंख उलटे लावल्यासारखे, म्हणजे हवेनं गाडी वर उचलायच्या ऐवजी खाली दाबायची. 1969 ला स्पेनमध्ये एकाच रेसमध्ये लोटस टीमच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडले आणि दोन्ही गाड्या आदळल्या. लगेच उंच पंख बंद, हलणारे पंख पण बंद. हे "हलणारे पंख बंद" डोक्यात ठेवा, परत लागणार आहे.

आणि आता माझ्या आवडीचा भाग. स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्प म्हणून एक ट्रॅक होता. तिथं 1976 ला टिरेल टीमची सहा चाकांची गाडी पहिली आणि दुसरी आली. सहा चाकं! पुढं चार छोटी, मागं दोन मोठी. तेव्हा लोकांना वाटलं असणार, हेच फ्युचर. पण त्या छोट्या टायरवर पुढं म्हणावं तसं कामच झालं नाही आणि पुढं नियमातच आलं की चाकं चारच. दोन वर्षांनी, 1978 ला, त्याच ट्रॅकवर निकी लाउडा हा ड्रायव्हर ब्रॅबम टीमची बीटी46बी गाडी घेऊन आला, मागं भलामोठा पंखा लावलेला. नियमाला दाखवायला सांगितलं इंजिन थंड करायला आहे, पण खरं काम गाडीच्या खालची हवा ओढून घ्यायचं. खाली हवा कमी झाली की वरची हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते, आणि वेग कमी असला तरी धरते, म्हणून वळणावर सुटत नाही. लाउडा जिंकला अर्धा मिनिट पुढं राहून. ती गाडी परत कधी रेसमध्ये उतरली नाही, एक रेस, एक विजय, संपलं.

मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे क्युपोलाचा ब्लोअर उलटा लावल्यागत." क्युपोला म्हणजे बीड वितळवायची भट्टी, तिला ब्लोअरनं वारा घालतात. मी इंटरनेटवर अर्धा तास घालवून जे समजून घेतलं ते ह्या माणसाला एका वाक्यात कळलं.

पंखा मेला नाही बरं का. 2010 ला एड्रियन न्यूई ह्या फॉर्म्युला वनच्या गाड्या डिझाइन करणाऱ्याला एका व्हिडिओ गेमसाठी "नियम नसते तर सगळ्यात फास्ट गाडी कशी केली असतीस" म्हणून विचारलं, तर त्यानं काढलेल्या गाडीत चाकं झाकलेली, कॉकपिट बंद, आणि मागं पंखा. आणि 2022 ला मॅकमर्ट्री कंपनीची पंखेवाली इलेक्ट्रिक गाडी इंग्लंडमध्ये गुडवूडच्या चढावर 39.08 सेकंदांत वर गेली, तिथला रेकॉर्ड. म्हणजे भविष्य म्हणून जे दाखवतात त्यातलं अर्धं जुनंच असतंय, बंदी घालून माळ्यावर टाकलेलं.

(मामा लोखंडी पट्टी दाखवतात.)

ही पट्टी बघा. दिसायला साधी फूटपट्टी, पण हिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा जरा मोठा आहे. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करायचा, ह्याला कॉन्ट्रॅक्शन धरणं म्हणतात. बिडाला साधारण शेकडा एक. मला वाटतं भविष्याच्या चित्रांना पण असंच कॉन्ट्रॅक्शन धरायला पाहिजे, कारण ओतल्यावर ते जसंच्या तसं निघतच नाही.

उदाहरण अगदी ताजं. 2021 च्या जुलैत फॉर्म्युला वनवाल्यांनी सिल्व्हरस्टोनला पुढच्या वर्षीच्या गाडीचं मॉडेल दाखवलं, गोलगोल, देखणं. सगळे म्हणाले नियम इतके कडक आहेत की आता सगळ्या गाड्या सारख्याच दिसणार. 2022 ला गाड्या आल्या तर मर्सिडीजला ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंचे हवा आत घ्यायचे खोकेच जवळजवळ नाहीत, फेरारीचे खोके वरनं बाथटबसारखे खोलगट, रेडबुलचे खालनं कोरलेले, नियमांचं पुस्तक एकच आणि तऱ्हा तीन. वर सरळ रस्त्यावर गाड्या टणाटण उड्या मारायला लागल्या, कारण तळाखालनं हवा ओढायची युक्ती 1983 ला बंद झालेली, ती परत आणली आणि तिच्याबरोबर जुना आजार पण आला. 2023 च्या मोनॅकोपर्यंत मर्सिडीजनं आपला आकार सोडून दिला आणि हळूहळू सगळेच रेडबुलसारखे दिसायला लागले. म्हणजे नियम बदलले की पहिल्या वर्षी जत्रा, दोन-तीन वर्षांत सगळे एका साच्यातले. एवढा अंदाज कुणीपण डोळे झाकून करावा.

काचेच्या घुमटाचं पण तसंच. वर्षानुवर्षं लोक बंद कॉकपिट काढत आले. 2017 ला व्हेटेल ह्या ड्रायव्हरनं फेरारीवर वाकडी पारदर्शक काच लावून बघितली तर त्याला गरगरायला लागलं. आलं काय, तर 2018 ला हेलो, ड्रायव्हरच्या डोक्याभोवती टायटॅनियमची तीन पायांची कमान. चपलेचा पट्टा म्हणून लोकांनी नावं ठेवली. मग 29 नोव्हेंबर 2020, बहारीन, ग्रोजाँ ह्या ड्रायव्हरची गाडी रेलिंग फोडून आत घुसली, दोन तुकडे झाले, आग लागली, आणि तो चालत बाहेर आला. त्यानंतर हेलोला कुरूप म्हणायची कुणाची टाप नाही. हे कुठल्या आर्टिस्टनं आधी काढलं होतं? मी तरी कुठं बघितलं नाही.

(कॉलेजचं वर्कशॉप. पोरं पाईपच्या चॅसिसभोवती.)

आता पुढं काय, तर 2026 चे नियम वाचा. गाडी छोटी केलीय, रुंदी 2000 ची 1900 मिलिमीटर, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 3600 चा 3400, वजन 800 वरनं 768 किलो. इलेक्ट्रिक मोटर 120 किलोवॅटची 350, म्हणजे ताकद जवळजवळ अर्धी पेट्रोल अर्धी वीज. आणि पुढचे-मागचे दोन्ही पंख हलणारे! 1969 ला बंद केलेले, 2011 ला डीआरएस म्हणून मागचा एक पडदा उघडायला दिलेला, आता दोन्हीकडं. वळणावर पंख उभे, सरळ रस्त्यावर आडवे, कारण बॅटरी पुरवायची तर हवेचा अडथळा परवडत नाही.

मला विचाराल तर पुढची दिशा ह्यातच आहे. आकार बघायला गेलं तर ह्याच्यापेक्षा फार वेगळा होणार नाही, पण आकार चालता चालता बदलणार. भोकं राहणारच, कारण बॅटरी आणि मोटर पण तापतात. चाकं मात्र पूर्ण झाकणार नाहीत, निदान फॉर्म्युला वनमध्ये, कारण ती उघडी चाकं हीच तिची ओळख आहे.

आणि ड्रायव्हर? 2024 च्या एप्रिलमध्ये अबुधाबीला बिनड्रायव्हरच्या गाड्यांची रेस झाली. गाडी जपानच्या सुपर फॉर्म्युला ह्या रेसिंग स्पर्धेतलीच, बसायची जागा तशीच, आत माणसाच्या जागी कॉम्प्युटर भरलेले. एक गाडी गरकन फिरली, काही मध्येच उभ्या राहिल्या. माणूस काढला तर कॉकपिट जाईल, हेलो जाईल, आकार खरंच पार बदलेल, पण आमच्याकडं शर्यतीला माळावर जी गर्दी होते ती छकडा बघायला येत नाही, कासरा कुणाच्या हातात आहे ते बघायला येते. रिकामा छकडा पळाला तर लोक त्याला धरायला पळतील, टाळ्या कोण वाजवणार?

नातवाच्या टीमला कोईमतूरला फॉर्म्युला भारत ह्या कॉलेजच्या पोरांच्या स्पर्धेला जायचंय, इलेक्ट्रिक गाडी घेऊन. त्या गाडीचं नाक तिसऱ्यांदा बदललंय.

(परत पॅटर्न शॉप. संध्याकाळ.)

चार दिवसांनी नातू परत आला. ह्या वेळी मोबाईल नाही, सागवानाच्या वाया गेलेल्या तुकड्यातनं कोरलेलं वीतभर मॉडेल, चाकं उघडी, बाजूला हवेला दोन तोंडं, मागं निघायला वाट. मामांनी हातात घेऊन फिरवलं, अंगठा फिरवला. अॅल्युमिनियममध्ये ओतून देतो म्हणाले, शेजारच्या फौंड्रीत सांगतो. मग शेपटीवर पेन्सिलनं एक रेघ मारली आणि कानस त्याच्या हातात दिली.

"हितं जरा ड्राफ्ट दे, थोडा उतार. एवढं सरळ ठेवलंस तर वाळूतनं सुटायचं नाही."