फांगजी नावाची दोन मुळं

(पडद्यावर: लाकडी पाटावर वाळलेल्या मुळाच्या दोन चकत्या.)

डावीकडची चकती बघा. पांढुरकी, पिठूळ. मधून कडेकडे रेषा गेल्यात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. चीनच्या औषधबाजारातले जाणकार या वेड्यावाकड्या मुळाला डुकराच्या आतड्याची उपमा देतात. उपमा किळसवाणी खरी, पण एकदा ऐकली की मूळ विसरत नाही.

आता उजवीकडची. इथेही आरे आहेतच. चकत्या करून वाळवल्यावर ना पान राहतं, ना फूल. ओळखायचं कशावरून?

दोन्हींना बाजारात म्हणतात फांगजी. सूज उतरवायला, सांधे दुखायला लागले की द्यायचं औषध. पहिलं हान फांगजी, म्हणजे स्टेफानिया टेट्रान्ड्रा. हे आपल्या गुळवेलीच्या कुळातलं. गुळवेलीचं खोड आडवं कापलंत तर असेच आरे दिसतील. दुसरं ग्वांग फांगजी, ग्वांगदोंगकडचं. ते अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची. त्याचं कुळ निराळं, आपल्याकडच्या सापसंदाचं. आणि त्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं, जे मूत्रपिंडाला घातक आहे.

म्हणजे सगळा फरक ‘हान’ आणि ‘ग्वांग’ या एकेका अक्षरात. घाईत ते अक्षर गळलं की उरतं नुसतं फांगजी.

(पडद्यावर: ब्रुसेल्स, पावसाळी रस्ता.)

ब्रुसेल्समध्ये वजन कमी करून देणारं एक क्लिनिक होतं. पंधरा वर्षं बिनबोभाट चाललेलं. 1990 मध्ये तिथल्या गोळ्यांमध्ये दोन चिनी वनस्पतींची भर पडली. त्यातली एक, कागदावर तरी, स्टेफानिया टेट्रान्ड्रा. थोड्याच काळात मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे पन्नाशीच्या आतल्या बायका येऊ लागल्या. आधी काही आजार नाही, आणि मूत्रपिंडं झपाट्याने सुकत चाललेली. विचारपूस केली तर सगळ्यांचा पत्ता एकच, ते क्लिनिक. 1993 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पहिल्या नऊजणींची नोंद छापून आली. पुढे आकडा शंभराच्या वर गेला. कितीतरी जणींना डायलिसिस, कितीतरी जणींना मूत्रपिंडाचं रोपण. पुढे कर्करोगही दिसू लागला. निकामी मूत्रपिंडं खबरदारी म्हणून काढून टाकलेल्या 39 जणींपैकी 18 जणींच्या मूत्रमार्गात तो सापडला, असं 2000 साली जाहीर झालं.

स्टेफानिया म्हणून आलेल्या पुड्यांमधली भुकटी तपासली तेव्हा बहुतेक नमुन्यांत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल निघालं. हान फांगजीत जे टेट्रान्ड्रिन असायला हवं, त्याचा बहुतेक ठिकाणी मागमूस नव्हता.

मला यातली एक गोष्ट जास्त खटकते. आपण म्हणतो, देशी नावं घोळ घालतात, लॅटिन नाव लिहा म्हणजे झालं. इथे लॅटिन नाव लिहिलेलं होतं की! अगदी बिनचूक स्पेलिंगसह. फक्त पुडीत ती वनस्पती नव्हती. ‘फांगजी’चं भाषांतर झालं, मुळाची ओळख झालीच नाही.

(पडद्यावर: काचेची पट्टी, अतिनील प्रकाशात उजळणारे ठिपके.)

तपासणी तशी अवघड नाही. भुकटीचा अर्क काढायचा, लेप दिलेल्या पट्टीवर थेंब सोडायचा, द्रावण वर चढू द्यायचं. शेजारी शुद्ध आम्लाचा थेंब. दोन ठिपके एकाच उंचीवर आले की माल परत.

मुथोंग या औषधातही हीच गल्लत झाली होती. अकेबिया या वेलीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकियाचीच एक जात, ग्वान मुथोंग. चीनने 2003 मध्ये तिच्यावर बंदी घातली, 2004 मध्ये ग्वांग फांगजीवर.

आणि वनस्पतिशास्त्रातलं नाव? स्टेफानिया टेट्रान्ड्राचं 1875 मध्ये ठरलं. ग्वांग फांगजीला ते मिळायला 1975 उजाडलं. तेही टिकलं नाही. 2019 मध्ये चिनी वनस्पतितज्ज्ञांनी तिला आयसोट्रेमा या प्रजातीत हलवलं. तेव्हापासून ग्वांग फांगजीबद्दल काही शोधायचं तर जुनी कागदपत्रं एका नावाने धुंडाळायची, नवी दुसऱ्या.