बंडखोर कसले, हे तर सगळ्यात सनातनी

नमस्कार मंडळी! आज जरा भांडणाचा विषय घेतलाय. हेवी मेटल म्हटल्यावर काही जणांनी आत्ताच रेडिओचा आवाज कमी केला असेल, पण थांबा, कर्कश काही वाजवणार नाहीये, नुसतं बोलणार आहे. आणि ते काळे टीशर्टवाले, पोवई नाक्यापासून गोडोलीपर्यंत आहात तुम्ही, मला माहितीय. तुम्हाला आज राग येणार आहे. येऊ दे.

माझं म्हणणं एकच. रॉक नि मेटल ऐकणारा स्वतःला लय बंडखोर समजतो, पण त्याच्याइतका सनातनी श्रोता शोधून सापडायचा नाही. आपल्या आजीनं सोवळं पाळलं नसेल एवढं हे पाळतात. मेटालिका या अमेरिकन मेटल बँडनं १९९१ ला तो काळ्या कव्हरचा अल्बम काढला, गाणी जरा संथ आणि सुटसुटीत केली, की लगेच बोंब, पोरं विकली गेली म्हणून. मग १९९६ ला त्यांचा लोड नावाचा अल्बम आला, तेव्हा तर चौघांनी केस कापले म्हणून लोकं चिडली. केस! गाणं राहिलं बाजूला, न्हाव्याकडे गेले हाच गुन्हा.

आता या संगीताचं मूळ बघा ना. ब्लॅक सॅबाथ या मेटलच्या सुरुवातीच्या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, इंग्लंडात बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. आपल्या एमआयडीसीत ज्यांनी प्रेसवर काम केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यात गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. मग यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या, आणि पुढं पुढं गिटार खालच्या पट्टीत लावायला लागला, कारण तारा सैल असल्या की दाबायला त्रास कमी. १९७१ च्या अल्बमपर्यंत काही गाण्यांत गिटार चांगली तीन पट्ट्या खाली गेली होती. तो जाड, घुमणारा आवाज, ज्याच्यावर सगळं जग मान हलवतं, त्याच्यामागं हा जुगाड पण आहे. जुगाडातनं आलेल्या गोष्टीत शुद्ध काय आणि भेसळ काय, मला कुणीतरी सांगा.

बरं, आता सगळ्यात जास्त शिव्या खाणारा मुद्दा. मेटालिकाचा २००३ चा सेंट अँगर. त्यातला ड्रम ऐकून लोकं आजपण कानावर हात ठेवतात, डबा वाजतोय म्हणतात. झालंय काय, तर स्नेअर ड्रमच्या खालच्या चामड्याला तारांची एक पट्टी लागून असते, तिच्यामुळं तो चर्रर्र असा आवाज येतो, ती पट्टी त्यांचा ड्रमर लार्स उलरिखनं सोडून ठेवलेली, म्हणून ठण्ण ठण्ण ऐकू येतं. आता मला सांगा, आपण सातारकर, हलगी ऐकत मोठे झालो. जत्रेत छबिना निघायच्या आधी हलगीवाला कडेला चार काटक्या पेटवून हलगी शेकत बसतो, मधीच बोटानं टिचकी मारून बघतो, अजून तापली नाही म्हणून परत जाळावर धरतो, आणि कातडं एकदा ताणलं की जी कडकडते ती दोन गल्ल्या सोडून ऐकू येते. तिच्यात कुठली आलीय तार नि पट्टी? ती वाजली की आपले पाय जागेवर राहत नाहीत, आणि लार्सनं तेच केलं तर कान दुखतो होय? अल्बम कंटाळवाणा आहे हे मान्य, गाणी संपता संपत नाहीत, गिटारचा सोलो तर नावाला नाही. पण शिव्या त्याला द्या, ड्रमला नको.

आता आपल्या जिल्ह्याचं. वाईवरनं पसरणीचा घाट चढला की पाचगणी, तिथं सेंट पीटर्स शाळा. १९५५ च्या सुमारास झांझिबारवरनं एक पारशी पोरगं तिथं बोर्डिंगला आलं, फारुख बलसारा. शाळेतच हेक्टिक्स नावाचा बँड केला, त्यात हा पियानोवर. पुढं तोच फ्रेडी मर्क्युरी, क्वीन बँडचा गायक. हे आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे, स्ट्रॉबेरी खायला जाताना पाहुण्यांना सांगतात पण. मात्र मेटलवाल्यांना विचारा, क्वीन म्हटलं की नाक मुरडतील, ते काय, ऑपेरा नि मिशा. अहो, स्टोन कोल्ड क्रेझी हे क्वीनचं गाणं १९७४ चं आहे, वेग बघा त्याचा! थ्रॅश मेटल, म्हणजे सुसाट वेगाचं मेटल, हे नाव पण तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. तेच गाणं पुढं मेटालिकानं वाजवलं आणि १९९१ ला त्यांना त्यावर ग्रॅमी मिळालं, तेही मेटलच्या गटात. फ्रेडी गेल्यावर एप्रिल १९९२ ला वेम्बलीत श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, तिथं हेच गाणं मेटालिकाचा गायक जेम्स हेटफिल्ड गायला, मागं क्वीन, आणि गिटारवर आपला तो टोपणवाला आयोमी. त्या लोकांना एका स्टेजवर उभं राहायला अडचण नाही, अडचण इथं आमच्या पोरांना.

सॅबाथवरनं अजून एक. त्यांचा मूळ गायक ऑझी २०२५ च्या जुलैत गेला, जाण्याआधी थोडेच दिवस बर्मिंगहॅमला शेवटचं गाऊन गेला, माणूस मोठाच, वाद नाही. तरी माझ्या मते सॅबाथचा सगळ्यात भारी अल्बम १९८० चा, ऑझीच्या जागी आलेला रॉनी जेम्स डिओ गायलाय तो. झालं, निम्म्यांनी रेडिओ बंद केला. आणि दोन बोटांची ती शिंगं करता ना तुम्ही, ती मेटलमध्ये रुळवली याच डिओनं. त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून तशी बोटं करायची, हे त्यानंच सांगितलंय. पोरगं सैतानाच्या नादी लागलं म्हणून गल्लीतल्या ज्या काकू घाबरतात त्यांनी निवांत राहावं, मीठमोहऱ्यांचाच प्रकार आहे तो.

आता राहिला मेटालिकाचा १९८८ चा जस्टिस. हा अल्बम म्हणजे आमच्यातल्या लोकांचा देव्हारा. गाणी जबरदस्त आहेत, पण बेस गिटारचा तो खालचा जाड आवाज कुठाय? बेस वाजवणारा जेसन न्यूस्टेड बिचारा सगळीकडं वाजवतोय आणि मिक्सिंगला त्याचा आवाज एवढा खाली दाबलाय की असून नसल्यासारखा. सेंट अँगरचा ड्रम जास्त ऐकू येतो म्हणून शिव्या, आणि इथं अख्खं वाद्य गायब तर म्हणे थोर कलाकृती. निर्णय घेणारे दोन्ही वेळचे तेच, लार्स आणि हेटफिल्ड.

तर ज्यांनी यातलं काहीच ऐकलेलं नाही त्यांनी ऐकून बघा, एवढंच सांगतो. फक्त मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, बेस पार जातो, चांगला हेडफोन घ्या. जस्टिस मोबाईलवर चालेल, त्याला काही फरक पडत नाही.