दिवसातून दोनदा बेट

हा डांबरी रस्ता थोड्याच वेळात पाण्याखाली जाणार आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे लिंडिसफार्न. भरतीला बेट, ओहोटीला पुन्हा जमिनीला जोडलेलं. दिवसातून दोनदा असं घडतं, हे आठव्या शतकात बीड नावाच्या मठवासीनं लिहून ठेवलं.

हे त्याचं जॅरो, इथल्याच मठात तो राहायचा. चर्चच्या शिळेवर तारीख कोरलेली आहे : 23 एप्रिल 685. खिडकीतली ही रंगीत काच बघा. तुकडे बीडच्या काळातले, मठाच्या जागेवर उकरताना सापडलेले.

725 साली बीडनं कालगणनेवर मोठा ग्रंथ लिहिला. ईस्टरचा दिवस चंद्रावरून ठरतो, म्हणून चंद्राचा हिशेब हवा. चंद्र रोज सुमारे 48 मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरतीही तेवढीच मागे सरकते, असं तो मांडतो. कोकणात तिथीची पाऊणपट करून, म्हणजे रोज साधारण पाऊण तास धरून, भरतीची वेळ काढणाऱ्यांना हा आकडा नवा नाही! पुढे तो म्हणतो, आम्ही या किनाऱ्यावर राहतो, आम्हाला ठाऊक आहे : एकीकडे पाणी चढू लागतं त्याच घटकेला दुसरीकडे ते उतरू लागतं. म्हणजे प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी.

पृथ्वी त्याच्या लेखी गोल होती. ढालीसारखी नव्हे, चेंडूसारखी. याच शतकांना ‘अंधारयुग’ म्हणायची आपल्याला सवय आहे.

देवानं सगळं माप, संख्या आणि वजन यांनुसार मांडलं, हे वचन त्या काळच्या ख्रिस्ती पंडितांच्या तोंडी असे. मग मोजणं हीसुद्धा भक्तीच.

आता लिंडिसफार्नजवळचं फार्न बेट. हे सगळे पक्षी कालच्या एका सकाळी कॅमेऱ्यात टिपलेले. इथे संत कथबर्ट एकटा राहायचा. त्यानं पेरलेलं जव पाखरं खाऊ लागली, तेव्हा त्यानं त्यांनाच विचारलं : देवाची परवानगी आहे का? असेल तर खा, नसेल तर निघा. पाखरं उडाली. अशा कथा सांगताना बीड म्हणतो, निर्माणकर्त्याची सेवा करणाऱ्याचं सृष्टीनं ऐकलं तर नवल काय? आपण ती सेवा सोडली, म्हणून सृष्टीवरचा आपला अधिकार गेला.

735 मध्ये बीड वारला. 793 मध्ये व्हायकिंगांनी लिंडिसफार्न लुटलं. बीडच्या कालगणनेच्या ग्रंथाच्या नकला तोवर युरोपातल्या मठांमध्ये होऊ लागल्या होत्या.