चुकलेला घाव कुठे थांबतो?

श्रोते हो, नमस्कार. आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणे हा वाक्प्रचार आपण सारेच सहज वापरतो. परंतु रानात मुक्कामाला जाणाऱ्यांच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरू शकतो, म्हणून आज मी कुऱ्हाडीविषयीच बोलणार आहे.

नागपुरातून भटकंतीला निघणारी अनेक तरुण मंडळी पाठपिशवीत लहान कुऱ्हाड ठेवतात. लहान म्हणजे कमी धोक्याची, असा त्यांचा समज असतो आणि मला काळजी वाटते ती याच समजाची. लांब दांड्याच्या कुऱ्हाडीचा घाव चुकला, तर पाते बहुधा जमिनीत रुतते. आखूड दांड्याच्या कुऱ्हाडीने उभ्याने घातलेला घाव मात्र लाकडावरून निसटला, की जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. मध्ये गुडघा किंवा नडगी येते. म्हणून लहान कुऱ्हाड गुडघे टेकून चालवावी, आणि फोडायचे लाकूड रुंद ओंडक्याच्या पलीकडच्या कडेशी ठेवावे, म्हणजे चुकलेला घाव ओंडक्यातच अडकतो. पात्यावर खोळ असतानाच हात लांब करून कुऱ्हाड सावकाश चहूबाजूंना आणि डोक्यावर फिरवून पाहावी. त्या फेऱ्यात फांदी, वेल, तंबूची दोरी किंवा माणूस येत असेल, तर जागा बदलावी. धारही नीट हवी, कारण वाळलेल्या बाभळीसारख्या कठीण लाकडात बोथट पाते रुतत नाही, ते घसरते.

दांड्याविषयी मात्र जरा सविस्तर सांगायला हवे, कारण तो प्रश्न आपल्या हवेशी जोडलेला आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि त्या कोरड्या उन्हात दांड्याचे लाकूड आकसून नेढ्यात, म्हणजे पात्याच्या ज्या भोकात दांडा बसतो त्यात, सैल होते. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या शेतावर आम्ही मुक्कामाला होतो. संध्याकाळी पात्याच्या लगत, दांड्यावर, नखभर रुंदीचा फिकट पट्टा मला दिसला होता. बाकीचा दांडा हाताळून काळपट झालेला आणि तेवढाच भाग कोरा. तो पट्टा म्हणजे पाते टोकाकडे सरकत असल्याची खूण होती, आणि मी ती पाहूनही सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्याच घावाला पाते सुटले आणि चुलीपाशी बसलेल्या मित्राच्या खांद्याजवळून पुढे गेले. त्याला लागले नाही, पण तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

सैल कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. लाकूड फुगते आणि सकाळी पाते घट्ट वाटते. पण फुगलेले तंतू लोखंडावर दाबून चेपतात आणि वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षाही सैल होतो. त्यापेक्षा पाचर नव्याने ठोकावी, दांड्याला चीर असेल तर तो बदलावा, आणि उन्हाळ्यापूर्वी त्याला आपल्या विदर्भातल्याच जवसाचे तेल पाजावे. तेलाचे फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये; जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. ते पसरून वाळवावे.

पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याकडे जाणाऱ्यांनी कुऱ्हाड घरीच ठेवावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही, आणि राखीव जंगलात झाड तोडणे व आग पेटवणे हेही गुन्हेच आहेत. परवानगीच्या तळावर किंवा शेतात शेकोटीसाठी मनगटाएवढ्या वाळक्या फांद्या लागतात, आणि त्या झाडाच्या बेचक्यात अडकवून हातानेच मोडता येतात.

एवढे करूनही घाव लागलाच, तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी आणि रक्त थांबले का, हे पाहण्यासाठी ती सारखी उचलू नये. कापड भिजले, तर त्यावरच दुसरे ठेवून दाब कायम राखावा. सोबत्याने १०८ वर फोन करावा. रानात अनेक ठिकाणी फोन लागत नाही, म्हणून सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र कोणत्या गावी आहे, ते घरून निघतानाच कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवावा.