यांगोनाचे वाळवण

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी ज्या पेयाविषयी बोलणार आहे त्याला जगभर कावा म्हणतात. काश्मीरच्या कहव्याशी त्याचा काही संबंध नाही. हे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे, एका झुडपाच्या मुळांपासून काढलेले पेय आहे. फिजीमध्ये त्याला यांगोना म्हणतात, आणि माझी काही वर्षे फिजीच्या राजधानीत, सुवा शहरात गेल्यामुळे माझ्याही तोंडी तेच नाव बसले आहे. यांगोनाचा तयार कोळ वाळवून त्याची पाण्यात चटकन मिसळणारी पूड घरी कशी करावी, हा आजचा विषय आहे.

हे झुडूप आपल्या मिरीच्या आणि नागवेलीच्या कुळातले. त्याला बी धरत नाही, म्हणून खोडाच्या कांड्या लावून ते वाढवावे लागते, आणि मुळे काढण्याजोगी व्हायला किमान तीन ते पाच वर्षे थांबावे लागते. सुवाच्या मंडईत वरच्या मजल्यावर, मसाल्यांच्या शेजारीच, वाळलेल्या मुळांच्या मोळ्या आणि दळलेल्या मुळीच्या पुड्या मांडलेल्या असतात. बारीक मुळांना वाका म्हणतात आणि बुडख्याच्या जाड भागाला लेवेना. वाका अधिक जहाल, म्हणून अधिक महाग. गावात पाहुणा गेला की प्रमुखापुढे यांगोनाची मुळी ठेवतो. १८७९ पासून गिरमिटाच्या करारावर तिथे नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांनीही हे पेय आपलेसे केले असून, त्यांच्या ओसरीवर संध्याकाळी जी बैठक बसते तिच्या मधोमध यांगोनाचे भांडे असतेच.

मूळ रीत अशी, की दळलेली मुळी फडक्यात बांधून पाण्यात चांगली दहा-पंधरा मिनिटे मळायची आणि पिळून काढायची. पाणी मातकट, दुधाळ होते. ते तानोआ नावाच्या लाकडी परातीत ठेवून नारळाच्या करवंटीने वाढतात. घेणारा एकदा टाळी वाजवतो, ‘बुला’ म्हणतो, एका दमात करवंटी रिकामी करतो आणि मग तीन टाळ्या वाजवल्या जातात. चव मातीसारखी आणि कडवट असते. घोट गेल्यावर थोड्याच वेळात ओठ आणि जीभ बधिर होतात, आणि अंग हळूहळू सैल पडते. बैठकीला ही रीत शोभते. परंतु एकट्या माणसाला रोज एवढा खटाटोप जमत नाही, आणि एकदा केलेला कोळ बाहेर ठेवला तर तो दुसऱ्या दिवशी आंबतो. म्हणून तो वाळवून ठेवायचा.

बाजारात मुळीच अतिशय बारीक दळून ‘पाण्यात टाका आणि प्या’ असे सांगून विकतात. ती पूड वेगळी, कारण तिच्यात मुळीचा सगळा चोथा असतो आणि पुष्कळांच्या पोटाला तो त्रास देतो. मी सांगतो आहे त्या पुडीत चोथा नसतो. तो फडक्यातच राहिलेला असतो.

आता जी गोष्ट समजली की बाकीचे सारे आपोआप समजते, ती सांगतो. यांगोनाचा गुण ज्या द्रव्यांत असतो त्यांना कावालॅक्टोन म्हणतात, आणि ती पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. वाळलेल्या मुळीत वजनाच्या दोन पंचमांशाहून अधिक भाग पिष्टाचा असतो, आणि कावालॅक्टोनचे प्रमाण मुळीनुसार ३ पासून २० टक्क्यांपर्यंत असू शकते. मळताना ही द्रव्ये बारीक कणांच्या रूपाने, पिष्टाच्या सोबतीने पाण्यात तरंगत राहतात. थोडक्यात, हा कोळ चहासारखा काढा नव्हे, तो कुरडईसाठी काढलेल्या गव्हाच्या चिकासारखा आहे.

हे मला ठाऊक नव्हते तेव्हा मी पहिल्या खेपेला कोळ पातेल्यात ओतून, बासुंदी आटवावी तसा मंद आचेवर आटवायला ठेवला. पाच-सात मिनिटांत तो घट्ट होऊ लागला, तेव्हा आटतो आहे असे वाटून मला आनंद झाला. पण पाणी जराही कमी झालेले नव्हते. पिष्ट शिजले होते. कपड्यांना घालायची खळ असते तसा राखाडी, चिकट गोळा चमच्याला लोंबत होता आणि तो टाकून देण्यावाचून उपाय उरला नाही. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे पिष्टाचे कण फुगून फुटू लागतात, म्हणून यांगोनाला विस्तव दाखवायचाच नाही. मळायला घ्यायचे पाणी उकळून पूर्ण निववलेले, फार तर हाताला कोमट लागेल इतपतच असावे.

पाणी कमी घ्यावे, म्हणजे वाळवायला कमी वेळ लागतो. मी १०० ग्रॅम मुळीला पाऊण लिटर पाणी दोन हप्त्यांत घेतो: पहिल्यांदा अर्धा लिटर, आणि त्याच चोथ्याला पुन्हा पाव लिटर. फडके मलमलीचे, दुहेरी असावे आणि शेवटचे थेंब नेट लावून पिळावेत, कारण दाट ऐवज त्या शेवटच्या पिळणीतच असतो. इथे कुरडईची सवय मात्र मोडावी लागते. कुरडईला आपण चीक खाली बसू देतो आणि वरची निवळी ओतून टाकतो. इथे निवळी ओतताना तिच्याबरोबर तरंगणारे कणही जातात, आणि खाली बसलेला थर तर टाकायचा नसतोच. म्हणून ताटात ओतण्याआधी प्रत्येक वेळी पळीने तळापासून ढवळावे.

कोकणात आंब्याचा रस ताटात पसरून आंबापोळी वाळवतात तसेच हे वाळवण आहे. फरक असा, की आंबापोळीवर आपण थरावर थर चढवतो आणि इथे एकच पातळ थर द्यायचा, दोन-तीन मिलिमीटरांपेक्षा जाड नको. आंब्याच्या रसात साखर आणि आंबटपणा असल्यामुळे तो तग धरतो. यांगोनाच्या कोळात तसे काहीच नसते, शिवाय तो उकळलेला नसतो, त्यामुळे जाड थर आतून ओला राहून नासतो. सुवामध्ये वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे उन्हाच्या भरवशावर बसणे शक्य नव्हते. म्हणून मी पंख्याचा विजेवरचा डिहायड्रेटर वापरतो. त्याच्या जाळीच्या ताटांत सिलिकॉनचे काठवाले शीट घालतो, तापमान ५० अंशांवर ठेवतो आणि रात्री लावलेले वाळवण सकाळी पाहतो. कोरड्या तळ्यातल्या मातीसारख्या भेगा पडून पापुद्रे कडेने सुटले आणि बोटाने कडकन मोडले की ते झाले. वाकले तर आणखी दोन तास. मग मिक्सरमध्ये फिरवून लगेच, हवेतला दमटपणा लागण्याआधी, घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरावे.

भरण्यापूर्वी पुडीचे वजन करावे. समजा १०० ग्रॅम मुळीतून २५ ग्रॅम पूड निघाली, तर एक ग्रॅम पूड म्हणजे चार ग्रॅम मुळी, हे बरणीवर लिहून ठेवावे. दिसायला एवढीशी असल्यामुळेच ती हातून जास्त पडते. जर्मनीने २००२ साली यकृताच्या तक्रारींवरून यांगोनाच्या औषधांवर बंदी घातली होती, आणि २०१४ साली तिथल्या न्यायालयाने ती रद्द ठरवली. ती औषधे बहुतांशी अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनने काढलेल्या अर्काची होती. आपण फक्त पाणी वापरावे आणि मुळी सोललेली, खोडाचा भाग नसलेली घ्यावी. असे असले तरी ज्यांना यकृताचा विकार आहे, ज्यांची रोजची औषधे चालू आहेत, आणि ज्या स्त्रिया गरोदर आहेत किंवा बाळाला पाजत आहेत, त्यांनी यांगोना घेऊ नये. दारूसोबत तर कोणीच घेऊ नये, आणि घेतल्यावर गाडी चालवू नये.

पेय करताना अर्धा पेला गार पाण्यात सपाट एक चहाचा चमचा पूड टाकून, झाकणाच्या बाटलीत ती जोरात हलवावी. गुठळ्या मोडतात आणि तोच मातकट, दुधाळ रंग परत येतो. अर्धे पेय प्यायल्यावर थांबलात तर बाटली पुन्हा एकदा हलवा, कारण चीक तोवर तळाशी बसलेला असतो.