मज्जातंतूतली वीज येते कुठून?

मित्रहो, आपल्या शरीरात वीज आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे. ईसीजीचा कागद घरोघरी असतो. पण मज्जातंतू म्हणजे विजेची तार आणि मेंदू म्हणजे स्विचबोर्ड, असं एक चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. आज मला ते चित्र पुसायचं आहे, कारण खरी गोष्ट त्याहून कितीतरी विलक्षण आहे.

पहिली शंका वेगावरूनच यायला हवी. 1850 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायाच्या मज्जातंतूत संकेताचा वेग मोजला. तो सेकंदाला तीसेक मीटरच्या आतबाहेर भरला. तारेतून जाणाऱ्या विजेच्या संकेतापुढे हा वेग काहीच नाही. म्हणजे इथे काहीतरी वेगळं घडतंय.

काय घडतंय ते पाहू. मज्जातंतूतला प्रत्येक तंतू म्हणजे एका चेतापेशीचा लांब धागा. या चेतापेशीच्या बाहेरचं पाणी खारट असतं, त्यात सोडियम भरपूर. पेशीच्या आत सोडियम कमी आणि पोटॅशियम भरपूर. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात बसलेला प्रथिनांचा पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. यासाठी तो अखंड ऊर्जा खर्च करतो. आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीतसुद्धा शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. तिचा मोठा वाटा या पंपांना लागतो.

आता, पेशी स्वस्थ असते तेव्हा पटलातून पोटॅशियमला वाट असते, सोडियमला जवळजवळ नसते. आत गर्दी असल्यामुळे थोडं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि जाताना आपला धनभार घेऊन जातं. आतली बाजू ऋण होते. हा ऋणभार उरलेल्या पोटॅशियमला मागे खेचतो आणि ओढाताण कुठेतरी थांबते. आतल्या बाजूला साधारण उणे 70 मिलिव्होल्ट उरतात. आकडा लहान वाटेल, पण पटलाची जाडी लक्षात घ्या. ती मीटरच्या अवघ्या काही अब्जांश भागांइतकी आहे. हिशेब केला तर दर मीटरला एक कोटीहून जास्त व्होल्ट असा ताण त्या पटलावर येतो. तुम्ही शांत बसून माझं बोलणं ऐकताय, या क्षणीही तुमच्या प्रत्येक चेतापेशीवर हा ताण आहे.

जर्मन शास्त्रज्ञ बर्नस्टाईन यांनी 1902 मध्ये मांडलं होतं की संकेत जाताना पटल क्षणभर सगळ्याच आयनांना, म्हणजे सोडियम-पोटॅशियमसारख्या भारित कणांना, खुलं होतं. तसं असेल तर आतबाहेरच्या विद्युतदाबातला फरक मिटून शून्यावर यायला हवा. हे तपासायला तंतूच्या आत शिरून मोजायला हवं, आणि आपले तंतू तर केसाहून बारीक. उपाय समुद्रात सापडला. आपल्या कोकणात ज्याला माकूल म्हणतात, तो स्क्विड हा प्राणी धोका दिसला की पाण्याचा फवारा सोडून मागे उसळतो. त्यासाठी त्याच्याकडे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असे तंतू असतात. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे!

1939 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या प्लीमथच्या सागरी प्रयोगशाळेत हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी असा एक तंतू घेतला. त्याच्या कापलेल्या टोकातून काचेची अतिशय बारीक नळी आत लांबवर सरकवली आणि तंतूला चेतना दिली. आतला विद्युतदाब शून्यावर आला, पण तिथे थांबला नाही. तो शून्य ओलांडून धन बाजूला सुमारे 40 मिलिव्होल्ट गेला. नुसतं पटल खुलं होऊन हे घडणं शक्यच नव्हतं. थोड्याच आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं आणि काम वर्षानुवर्षं अडलं. युद्धानंतर हॉजकिन आणि त्यांचे सहकारी कॅट्झ यांनी बाहेरच्या पाण्यातलं सोडियम कमी केलं, तेव्हा संकेताची उंची घटली. गुन्हेगार सापडला: सोडियम.

पटलात सोडियमसाठी खास दारं असतात. आतला ऋणभार थोडा कमी झाला की काही दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, भार आणखी घटतो, आणखी दारं उघडतात. मिलिसेकंदाच्या आत सगळं उरकतं. मग ही दारं स्वतःहून बंद होतात, पोटॅशियमची दारं सावकाश उघडतात आणि आतली बाजू पुन्हा ऋण होते. इथे विद्यार्थी हमखास गोंधळतात. त्यांना वाटतं की दर संकेतानंतर पंप सगळं पूर्ववत करतो. तसं नाही. जाड तंतूत एका संकेताला आतल्या पोटॅशियमचा दहा लाखांतला जेमतेम एखादा भाग बाहेर जातो. पंप बंद पाडला तरी असा तंतू बराच काळ संकेत पाठवत राहतो.

शेजारच्या भागात जो थोडा भार पसरतो, तो तिथली दारं उघडतो. फटाक्यांच्या माळेत शेवटचा फटाका पहिल्याइतकाच मोठ्याने वाजतो, तसा संकेत मेंदूपासून पायाच्या बोटापर्यंत जराही न विरता पोचतो. त्यामुळे चिमटा हळू काढला की जोरात, प्रत्येक संकेताची उंची तीच. बदलते ती सेकंदाला किती संकेत येतात ही संख्या.

1952 मध्ये हॉजकिन-हक्सलींनी हे सगळं समीकरणांत मांडलं. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलींनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर आकडेमोड केली. संकेताच्या वेगाचं उत्तर आलं सेकंदाला 18.8 मीटर. प्रत्यक्ष तंतूत मोजलेला वेग होता 21.2. फक्त दारांच्या उघडझापीवरून इतकं जवळचं उत्तर! मला आजही हे वाचताना भारावून जायला होतं. 1963 चं नोबेल त्यांना ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ एक्लिस यांच्यासोबत मिळालं.

आणि ही दारं तुमच्या ओळखीचीच आहेत. दाताच्या डॉक्टरांकडे हिरडीत लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन घेता, ते याच सोडियमच्या दारांत जाऊन बसतं. दात उपटला जातो, दातापाशी तंतूची टोकं डिवचली जातात, पण पुढची दारंच उघडत नाहीत, त्यामुळे मेंदूला दुखणं कळत नाही. तासा-दोन तासांत रक्त ते औषध वाहून नेतं आणि हिरडी ठणकायला लागते.